मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी : भिंगाचे मोजमाप आणि चित्रण

डोळ्यातील गढूळ झालेले भिंग दृष्टीच्या वाटेतून दूर करणे ही एक विद्या आहे आणि त्याच्या जागी कोणत्या शक्तीचे भिंग बसवावे हे आधीच ठरवणे ही दुसरी. पहिली विद्या फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या व्याधीवर शलाकेने करावयाच्या उपचाराचे वर्णन आले आहे. जवाच्या दाण्यासारखे टोक असलेली ती शलाका डोळ्यात शिरवून अडथळा बाजूला सारला जाई आणि प्रकाशाला वाट मोकळी होई. भिंग बाहेर काढले जात नसे. ते आतच, डोळ्याच्या पोकळीत, पडून राही. ते छेद घेऊन बाहेर काढण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शल्यचिकित्सक झाक दाव्हिएल यांनी रूढ केली. दुसरी विद्या मात्र जेमतेम साठ वर्षांची आहे, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तीच आहे.

या विद्येकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शस्त्रक्रियागृहातील कौशल्याची वाखाणणी होते. पण त्याआधी एखाद्या अंधाऱ्या खोलीत, हनुवटी यंत्राच्या टेकूवर ठेवून, पाचदहा मिनिटांत उरकलेल्या मोजमापाचे नावही रुग्णाला ठाऊक नसते. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते, जखम स्वच्छ भरून येते, आणि तरीही पट्टी उघडल्यावर रुग्ण म्हणतो की, समोरची माणसे धूसर दिसतात. अशा वेळी चूक पुष्कळदा त्या अंधाऱ्या खोलीत झालेली असते.

डोळ्याची रचना थोडक्यात सांगावयाची तर अशी : समोर स्वच्छमंडल नावाचा पारदर्शक घुमट, त्यामागे नेत्रजल, मग मध्यभागी बाहुलीचे छिद्र असलेली रंगीत परितारिका, तिच्या पाठीमागे भिंग, त्यामागे काचेसारखे नितळ जेलीवजा द्रव्य आणि सर्वांत शेवटी प्रतिमा टिपणारे जालपटल. प्रकाश वळवण्याची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. एक मीटर नाभ्यंतर असलेल्या भिंगाची शक्ती एक डायॉप्टर असते, आणि नाभ्यंतर जितके कमी तितकी शक्ती अधिक. स्वच्छमंडलाची शक्ती सुमारे ४३ ते ४४ डायॉप्टर असते. आतील भिंग त्यात सुमारे वीस डायॉप्टरची भर घालते. डोळ्याची लांबी साधारणतः साडेतेवीस मिलिमीटर. या तीन राशींचा मेळ बसला तरच प्रतिमा जालपटलावर रेखीव उमटते.

भिंगाची कल्पना येण्यासाठी आंब्याची उपमा पुरेशी आहे. बाहेर साल, आत गर आणि मध्ये कोय. साल म्हणजे भिंगाची पारदर्शक पिशवी. तिची मागची बाजू इतकी पातळ की, तिची जाडी मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजावी लागते. गर म्हणजे मऊ थर, आणि कोय म्हणजे वयपरत्वे घट्ट होत जाणारा गाभा. भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत, आणि जुने तंतू टाकून देण्याची सोयही नाही. नवे तंतू बाहेरून चढत जातात, जुने आत दाबले जातात. त्यामुळे भिंग जन्मभर जाड होत राहते. आधुनिक शस्त्रक्रियेत गर आणि कोय काढून घेतात व साल जागच्या जागी ठेवतात, कारण नवे भिंग त्याच पिशवीत बसवावयाचे असते. ही पिशवी फाटली की पुढची सारी गणिते बिघडतात.

कृत्रिम भिंगे येण्यापूर्वी रुग्णाला दहाएक डायॉप्टरचा जाडजूड चष्मा दिला जाई. भारतातील नेत्रशिबिरांमधून दृष्टी परत मिळालेल्या लाखो वृद्धांच्या नाकावर तो अनेक वर्षे दिसत असे. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत, बाजूचे दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके; आणि चष्मा फुटला वा हरवला की, माणूस पुन्हा आंधळा होई. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्याची अवस्था तर अधिकच बिकट, कारण लहान व मोठ्या अशा दोन प्रतिमा मेंदू एकत्र जुळवू शकत नसे. मात्र या चष्म्याचा एक गुण होता, आणि तो नमूद करणे न्याय्य ठरेल : नंबर चुकला तर तो बदलता येत असे. डोळ्याच्या आत बसवलेल्या भिंगाचे तसे नाही. मोजमापाचे महत्त्व या एका फरकातून निर्माण झाले.

हा फरक पहिल्याच रुग्णाच्या बाबतीत प्रत्ययास आला. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी एका पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. भिंग कायमचे बसवण्याचा टप्पा १९५० च्या फेब्रुवारीत पुरा झाला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाच्या छताचे पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत, आणि तरीही डोळा चिघळत नसे, हे रिडली यांनी पाहिले होते. म्हणून भिंग पर्स्पेक्सचेच केले. डोळ्याने ते स्वीकारले. परंतु स्त्रीची दृष्टी तपासली तेव्हा तिला सुमारे वीस डायॉप्टरची निकटदृष्टिता आलेली आढळली. भिंग तिच्या डोळ्याच्या गरजेहून कितीतरी अधिक शक्तीचे ठरले होते. नैसर्गिक भिंगाच्या घाटाचे भिंग घडवताना, पर्स्पेक्स प्रकाशाला त्याहून अधिक वळवते, या गोष्टीचा हिशेब नीट लागला नव्हता. पुढच्या रुग्णांसाठी भिंगाचा घाट बदलण्यात आला. या प्रसंगावरून रिडली यांना कमी लेखणे अन्यायाचे होईल. जिवंत माणसाच्या डोळ्याची लांबी मोजण्याचे व्यवहारात वापरता येईल असे कोणतेही साधन त्या काळी उपलब्धच नव्हते.

ते साधन ध्वनीने पुरवले. १९५६ मध्ये अमेरिकेतील मंट आणि ह्यूज यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या साह्याने डोळ्याच्या आतील पृष्ठभागांचे पडसाद टिपता येतात हे दाखवले. तत्त्व समुद्राची खोली मोजण्याचेच. ध्वनीचे स्पंद स्वच्छमंडलापासून निघतात, भिंगाच्या पुढच्या व मागच्या पृष्ठभागांवरून आणि जालपटलावरून परत येतात; लागलेल्या वेळावरून अंतर निघते. यासाठी ध्वनीचा वेग मात्र ठाऊक हवा. नेत्रजलात व काचेसारख्या द्रव्यात तो सेकंदाला १५३२ मीटर मानतात, भिंगात १६४१ मीटर. माध्यम बदलले आणि यंत्राला ते सांगितले नाही, तर यंत्र बिनदिक्कत खोटे उत्तर देते. जालपटलाच्या शस्त्रक्रियेनंतर काही डोळ्यांत सिलिकोन तेल भरलेले असते. त्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ९८० मीटर एवढाच जातो. पडसाद उशिरा येतो, यंत्र डोळा फार लांब आहे असे समजते, आणि रुग्णाच्या वाट्याला गरजेपेक्षा दुबळे भिंग येते.

लांबी कळल्यावर सूत्र हवे. १९६७ मध्ये सोव्हिएत संघातील स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रकाशशास्त्राच्या नियमांवरून असे पहिले सूत्र मांडले. नंतर १९८० मध्ये सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघा अमेरिकनांनी निराळा मार्ग धरला. झालेल्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष गोळा करून त्यांनी एक सरळ बेरीज-वजाबाकी काढली : प्रत्येक भिंगाच्या नमुन्यासाठी ठरलेल्या एका अंकातून डोळ्याच्या लांबीची अडीचपट आणि स्वच्छमंडलाच्या शक्तीची नऊ-दशांशपट वजा करावयाची. उदाहरणार्थ, भिंगाचा अंक ११८.४, लांबी २३.५ मिलिमीटर आणि स्वच्छमंडलाची शक्ती ४४ डायॉप्टर असेल तर उत्तर जवळजवळ नेमके २० येते. लांबी २४.५ धरली की तेच उत्तर साडेसतरा होते. एक मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी. पण तेवढ्या चुकीने पुढे लागणाऱ्या चष्म्याच्या नंबरात अडीच डायॉप्टरच्या आसपास फरक पडतो.

हे सूत्र तिघांच्या आद्याक्षरांवरून एसआरके या नावाने जगभर गेले. कागदावर, साध्या गणकयंत्रावर, किंबहुना बोटांवरही ते सोडवता येई. मध्यम लांबीच्या डोळ्यांसाठी ते चांगले होते. फार लांब वा फार आखूड डोळ्यांत ते चुके, म्हणून १९८८ नंतर त्याची जागा हॉलाडे, एसआरके-टी, हॉफर-क्यू, हायगिस, बॅरेट अशा अधिकाधिक गुंतागुंतीच्या सूत्रांनी घेतली. आज मूळ सूत्र कोणी वापरू नये. मात्र विद्यार्थ्याला कोणत्या चुकीचे वजन किती हे समजावून देण्यासाठी त्याच्याइतके सोपे दुसरे सूत्र नाही.

जेथे मोजमापाची सोय नव्हती तेथे प्रत्येकाला वीस-एकवीस डायॉप्टरचे एकच ठोक भिंग बसवण्याची प्रथा होती. बहुसंख्य डोळे मध्यम लांबीचे असल्याने ती बऱ्याच जणांना साधे, हेही खरे. परंतु सव्वीस मिलिमीटर लांबीच्या डोळ्याला वरील सूत्रानुसार चौदाहून कमी शक्तीचे भिंग पुरते. अशा माणसाला वीसचे भिंग दिले तर मोतीबिंदू जाऊनही त्याला जाड उणे नंबरचा चष्मा लागतो, आणि तो न मिळाल्यास रस्त्यापलीकडचा मनुष्य ओळखता येत नाही. शिबिराच्या नोंदवहीत ही शस्त्रक्रिया यशस्वी म्हणूनच नोंदली जाते. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातील ऑरोलॅब या संस्थेने भिंगे तयार करावयास आरंभ केला, भिंगांच्या किमती झपाट्याने उतरल्या, आणि निरनिराळ्या शक्तींची भिंगे भारतातील सामान्य रुग्णालयांच्या आवाक्यात आली. भिंग स्वस्त झाल्यावर मोजमाप न करण्यास सबब उरली नाही.

ध्वनीच्या मोजमापातील खरा दोष यंत्रात नसून हातात असतो. थेंब टाकून बधिर केलेल्या स्वच्छमंडलाला तपासनीस लेखणीसारखी तपासणी-कांडी टेकवतो. किंचित दाब पडला की मऊ डोळा दबतो आणि एक ते तीन दशांश मिलिमीटर आखूड मोजला जातो. दोन दशांशाचा दाब म्हणजे अर्धा डायॉप्टर. आखूड डोळ्याला अधिक शक्तीचे भिंग सुचवले जाते आणि रुग्ण थोडा निकटदृष्टी होतो. यावर जुना उपाय आहे : डोळ्यावर लहानसा कप बसवून त्यात द्रव भरावयाचा आणि कांडी त्या द्रवात, स्वच्छमंडलाला न टेकवता धरावयाची. यास वेळ अधिक लागतो, रुग्णाला आडवे झोपावे लागते, आणि म्हणूनच गर्दीच्या ठिकाणी तो टाळला जातो. हा कप कोणत्याही महागड्या यंत्राच्या किमतीच्या मानाने कवडीमोल आहे. तो वापरावयास शिकलेला तंत्रज्ञ जिल्हा रुग्णालयाला नव्या यंत्राइतकाच मोलाचा वाटावयास हवा.

दाबाचा प्रश्न प्रकाशाने मुळातच मिटवला. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड आहे की पडसादाचा वेळ घड्याळाने मोजणे अशक्य. म्हणून दोन किरणांच्या व्यतिकरणाचा, म्हणजे लाटांच्या परस्परांवरील परिणामाचा, आधार घ्यावा लागतो. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ आडोल्फ फेर्चर यांनी १९८० नंतरच्या दशकात या रीतीने डोळ्याची लांबी मोजून दाखवली, आणि १९९९ मध्ये झाइस कंपनीचे आयओएल-मास्टर हे यंत्र बाजारात आले. डोळ्याला काहीही टेकत नाही. रुग्ण एका ठिपक्याकडे पाहतो आणि त्याच रेषेत, म्हणजे तो ज्या रेषेत प्रत्यक्ष पाहतो तिच्यात, लांबी मोजली जाते. ध्वनीची अचूकता एक-दशांश मिलिमीटरच्या घरातली. प्रकाशाची एक-शतांशाच्या घरातली. फार लांब डोळ्यांत मागची भिंत एका बाजूला फुगलेली असते. तेथे तर योग्य रेषेतील मोजमापाला पर्याय नाही.

पण प्रकाशाची एक अडचण होती, आणि ती थोडी गमतीची आहे. मोतीबिंदू म्हणजेच प्रकाशाला अडवणारे भिंग. तो जितका दाट तितके प्रकाशाने मोजणे कठीण. अर्थात ज्यांना शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज त्यांच्याच डोळ्यांत हे यंत्र निरुत्तर होई. भारतासारख्या देशात, जेथे रुग्ण बोटे मोजण्याइतकीही दृष्टी उरत नाही तोवर थांबतो, तेथे हा दोष क्षुल्लक नव्हता. पुढे अधिक तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाची लांबी झपाट्याने बदलत नेऊन मोजण्याची रीत आली, आणि असे किरण गढूळ भिंगातून बरेच अधिक पार जातात. तरीही अगदी पांढऱ्या वा काळपट भिंगापुढे आजही ध्वनीकडेच परतावे लागते. ग्रेट ब्रिटनमधील आरोग्यविषयक शिफारशींनीही २०१७ मध्ये हाच क्रम घालून दिला : प्रथम प्रकाश, तो न चालल्यास ध्वनी.

येथवर लांबीची गोष्ट झाली. लांबी व वक्रता दोन्ही अचूक मोजल्या तरी एक प्रश्न उरतोच : नवे भिंग डोळ्यात नेमके किती खोल बसेल? जुने भिंग चारपाच मिलिमीटर जाड, नवे सुमारे एक मिलिमीटर. रिकामी पिशवी आकसून नव्या भिंगाला कोठे धरील हे शस्त्रक्रियेच्या आधी कोणीही मोजू शकत नाही. ते फक्त वर्तवता येते. स्व्हेर्कर नॉर्बी यांनी २००८ मध्ये चुकांच्या उगमांचा हिशेब मांडला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३५ टक्के, या अंदाजाचाच निघाला; लांबीच्या मोजमापाचा वाटा १७ टक्क्यांवर आलेला होता. म्हणूनच आधुनिक सूत्रे जुन्या भिंगाची जाडी आणि त्याच्या पुढील पोकळीची खोली विचारतात. जाणाऱ्याने कोठे बैठक मारली होती यावरून येणारा कोठे बसेल याचा तर्क करावयाचा, असा हा प्रकार आहे. भिंगाचे चित्रण येथे प्रथम उपयोगी पडते.

चित्रणाचा दुसरा उपयोग शल्यचिकित्सकाला सावध करण्याचा. स्वीडनच्या आल्व्हार गुलस्ट्रांड यांनी १९११ मध्ये चिरेच्या प्रकाशाचे यंत्र प्रचारात आणले. चाकूने फळाची चकती कापावी तशी प्रकाशाची पातळ पट्टी भिंगातून आरपार दाखवणारे हे यंत्र आजही नेत्रवैद्याच्या टेबलावर असते. पिवळा, तांबूस, तपकिरी अशा रंगावरून गाभा किती कठीण आहे याचा अंदाज अनुभवी वैद्य बांधतो. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये वापरात आणलेल्या पद्धतीत गाभा श्राव्यातीत कंपनांनी फोडून शोषून घेतात. गाभा जितका कठीण तितकी ऊर्जा अधिक, आणि तितकी स्वच्छमंडलाच्या आतील पेशींना इजा अधिक. त्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यामुळे अतिकठीण गाभ्यासाठी कंपने टाळून तो लहान, आपोआप मिटणाऱ्या छेदातून अखंड बाहेर काढणे हा पर्याय विचारात घ्यावा लागतो. हा पर्याय दुय्यम प्रतीचा आहे हा समज चुकीचा होय. नेपाळमध्ये सान्डुक रुइत व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत पिकलेल्या मोतीबिंदूसाठी दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष चांगले आले, आणि छेदाची पद्धत जलद व स्वस्त ठरली.

रंगावरून बांधलेल्या अंदाजाला अंकाची जोड देण्याचे काम एका विलक्षण मार्गाने झाले. ऑस्ट्रियन सेनेतील कॅप्टन टेओडोर शाइम्पफ्लूग यांना विसाव्या शतकाच्या आरंभी आकाशातून तिरप्या घेतलेल्या छायाचित्रांतील दोष घालवावयाचे होते. वस्तूची, भिंगाची आणि चित्राची अशी तिन्ही प्रतले एका रेषेत मिळतील असा कॅमेरा तिरका ठेवला तर तिरपी वस्तूही आरंभापासून अंतापर्यंत रेखीव येते, हा त्यांचा नियम. नकाशांसाठी योजलेला हाच नियम पुढे डोळ्यात उतरला. डोळ्याभोवती फिरणारा कॅमेरा दोनएक सेकंदांत स्वच्छमंडलापासून भिंगाच्या मागच्या बाजूपर्यंतचे अनेक छेद टिपतो आणि भिंगाच्या प्रत्येक थराची घनता आकड्यांत सांगतो. याचा निळा प्रकाश परितारिकेच्या पलीकडे जात नाही, म्हणून बाहुलीतून दिसते तेवढेच दिसते. परितारिकेच्या आड, भिंगाला टांगून धरणाऱ्या तंतूंपाशी, काय चालले आहे ते पाहावयाचे असेल तर पुन्हा ध्वनीच हवा, आणि तोही नेहमीच्या कितीतरी पट अधिक कंप्रतेचा.

असे चित्रण निर्णायक ठरते त्या दोन अवस्था विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली, भिंगाच्या मागच्या ध्रुवावरील जन्मजात मोतीबिंदू. येथे पिशवीची मागची बाजू मुळातच दुबळी, क्वचित उघडीही असते. अहमदाबादचे अभय वसावडा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मालिकेत अशा डोळ्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक डोळ्यांत मागची पिशवी फाटली. एरवी भिंग सुटे करण्यासाठी पिशवीखाली पाण्याची धार सोडतात. येथे तीच धार घातक ठरते, कारण तिच्या दाबाने पिशवी फुटून गाभा डोळ्याच्या तळाशी जाऊ शकतो. वसावडा यांनी म्हणूनच गाभा आतून बाहेर क्रमाने सुटा करण्याची रीत सुचवली. प्रकाशाच्या व्यतिकरणावर आधारलेल्या चित्रणात, १९९१ पासून विकसित होत गेलेल्या त्या तंत्रात, मागच्या पिशवीची रेषा कोठे तुटल्यासारखी दिसते हे आधी पाहता येते. रुग्णाला धोका आधी सांगता येतो, आणि अननुभवी हातात हा डोळा जाऊ नये एवढी व्यवस्था तरी करता येते.

दुसरी अवस्था फुगलेल्या पांढऱ्या मोतीबिंदूची. गर पातळ होऊन पिशवीत दाब वाढलेला असतो. पिशवीला पहिला टोचा बसताच ती दोन्ही बाजूंना टराटरा फाटते. पांढऱ्या भिंगावर पिशवी दिसावी म्हणून तिला निळा रंग देतात. ही युक्ती नेदरलँड्सच्या खेरिट मेलेस यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. फाटलेल्या निळ्या पिशवीच्या मध्ये पांढरा पट्टा दिसतो, म्हणून शल्यचिकित्सक या अपघाताला अर्जेंटिनाचा झेंडा म्हणतात. पिशवीखाली साठलेले द्रव चित्रणात आधी दिसले तर सुईने ते काढून घेऊन दाब उतरवता येतो. शिवाय अशा डोळ्यात मागचे जालपटल दिसतच नाही. ध्वनीचे द्विमितीय चित्रण न करता शस्त्रक्रिया केली आणि मागे जालपटल सुटलेले निघाले, तर मोतीबिंदू काढूनही अंधार कायम राहतो.

मग प्रत्येक रुग्णाची प्रत्येक तपासणी करावी काय? तपासण्या वाढवणे म्हणजे काळजी वाढवणे असा समज रूढ आहे, आणि तो तपासून घ्यावयास हवा. २००० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एकोणीस हजारांहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या आधी रक्ताच्या व हृदयाच्या ठरावीक तपासण्या सरसकट केल्या, निम्म्यांच्या केल्या नाहीत. उपद्रवांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच आले. गावाहून आलेल्या वृद्धाला दोन दिवस रक्ताच्या अहवालासाठी ताटकळत ठेवणारी आणि डोळ्याची लांबी मात्र घाईत एकदाच मोजणारी व्यवस्था आपली काळजी चुकीच्या जागी खर्च करते. घनतेचे आकडे, पिशवीचे छेदचित्र हे सर्वांसाठी नाही. वक्रता, लांबी आणि पुढील पोकळीची खोली मात्र प्रत्येकाची हवी. दोन्ही डोळ्यांची हवी. आणि दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरहून अधिक फरक दिसला तर पुन्हा मोजावयास हवे.

यंत्राला न कळणाऱ्या काही गोष्टी रुग्णाला विचाराव्याच लागतात. ज्यांनी तरुणपणी चष्मा जावा म्हणून लेसर उपचाराने स्वच्छमंडल सपाट करून घेतले, ते लोक आता मोतीबिंदूच्या वयाला पोहोचत आहेत. त्यांच्या बाबतीत नेहमीची वक्रतामापक यंत्रे फसतात. जुने कागद शोधून आणावे लागतात किंवा खास सूत्रे वापरावी लागतात. डोळ्यावरची स्पर्शभिंगे मोजमापाआधी काही दिवस काढून ठेवावी लागतात. कोरड्या डोळ्याची वक्रता सकाळी एक आणि दुपारी दुसरीच येते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणत्याही चित्रात दिसत नाही. नेम कशावर धरावयाचा? साधे भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. बैलगाडी वा मोटार हाकणाऱ्याला दूरचे हवे. परंतु सोनार, शिंपी, मुद्रितशोधक किंवा रोज पोथी वाचणारी वृद्ध स्त्री यांना विचारले तर उत्तर निराळे येते. जन्मभर निकटदृष्टी असलेला आणि चष्मा काढून वाचण्याची सवय असलेला मनुष्य तर दूरचे लख्ख दिसू लागल्यावर, हातातले अक्षर दिसत नाही म्हणून खंतावतो. त्याच्यासाठी मुद्दाम दोन-अडीच डायॉप्टरची निकटदृष्टिता राखणे हाच बिनचूक निर्णय. हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्यास दोन मिनिटे पुरतात.

वक्र दोष असलेल्या स्वच्छमंडलासाठी दंडगोलीय शक्तीचे भिंग मिळते. त्याचा अक्ष नेमका साधावा लागतो. एका अंशाच्या विचलनाने सुमारे तीन टक्के परिणाम वाया जातो आणि तीस अंशांनी सर्वच जातो. पाठीवर झोपल्यावर डोळा खोबणीत किंचित फिरतो, म्हणून अक्षाची खूण रुग्ण ताठ बसलेला असतानाच करावयाची असते.

एवढे करूनही थोडी चूक राहतेच. तिचाही उपयोग होतो. दोन डोळे एकाच शरीराचे असल्याने पहिल्या डोळ्यात भिंग अपेक्षेहून पुढे वा मागे बसले असेल तर दुसऱ्यातही तसेच होण्याकडे कल असतो. म्हणून काही आठवड्यांनी पहिल्या डोळ्याचा नंबर स्थिरावल्यावर तो मोजतात, वर्तवलेल्या नंबराशी ताडून पाहतात, आणि फरकाच्या साधारण निम्म्याइतकी दुरुस्ती दुसऱ्या डोळ्याच्या भिंगात करतात. पूर्ण फरक धरला तर दुरुस्ती अतिरेकाकडे झुकते. यासाठी पहिल्या डोळ्याचा कागद जपलेला असावा लागतो आणि रुग्ण चष्म्याच्या तपासणीसाठी परत आलेला असावा लागतो. शिबिराहून घरी गेलेले पुष्कळसे रुग्ण परत येत नाहीत. म्हणून लांबी, वक्रता, बसवलेल्या भिंगाची शक्ती आणि त्याचा अंक यांची नोंद असलेली चिठ्ठी रुग्णालयाच्या कपाटाबरोबर रुग्णाच्या हातीही द्यावी लागते. दुसरा डोळा कदाचित दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच शल्यचिकित्सकापुढे, पाच वर्षांनी येणार असतो.